जपानी महाकाय प्राण्यांचे सिनेमे (गॉडझिला वगैरे) बघायला सुरुवात कुठून करावी? जुने रबरी सूटवाले सोडून थेट 'गॉडझिला मायनस वन' बघितला तर चालेल का?

चालेल, पण तसं करू नका. आधी १९५४ चा 'गोजिरा' (गॉडझिलाचा पहिलाच सिनेमा, 'गोजिरा' हे त्याचं जपानी नाव) बघा. मूळ जपानी, सबटायटल्स लावून, मध्ये न थांबवता. 'रबरी सूटवाले' हे शब्द वाचले म्हणूनच मी लिहायला बसले आहे. मी व्हीएफएक्समध्ये (व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये) काम करते, कॉम्पोझिटिंग करते, म्हणजे वेगवेगळी चित्रं एकाच शॉटमध्ये बेमालूम जोडते, आणि याच दोन शब्दांवरून माझं एका माणसाशी जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

सिनेमा कुठल्या वर्षी आला ते आधी लक्षात घ्या. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. धोक्याची म्हणून आखलेल्या हद्दीबाहेर 'दाइगो फुकुर्यू मारू' नावाची जपानी बोट ट्यूना पकडत होती. तिच्यावरच्या २३ खलाशांवर किरणोत्सारी राख पडली. बोट बंदरात परतली, माणसं आजारी पडली, बाजारातला ट्यूना गायगर काउंटर (किरणोत्सार मोजायचं यंत्र) लावून तपासायची वेळ आली आणि सप्टेंबरमध्ये बोटीचा रेडिओ ऑपरेटर वारला. 'गोजिरा' ३ नोव्हेंबरला लागला. सुरुवातीलाच काय दिसतं? समुद्रात एक बोट, डेकवर वाद्यं वाजवत बसलेले खलाशी, पाण्यात डोळे दिपवणारा उजेड, आणि बोट पेटते. त्या वर्षी तिकीट काढून बसलेल्या माणसाला हे कशाबद्दल चाललंय ते समजावून सांगावं लागलं नसणार.

दिग्दर्शक इशिरो होंडा चीनमध्ये सैनिक होते. युद्धानंतर घरी परतताना त्यांनी बेचिराख हिरोशिमा पाहिलं होतं. टोकियो जळतं त्या प्रसंगांत आणि त्याहून जास्त दुसऱ्या दिवशीच्या हॉस्पिटलच्या दृश्यात ते उतरलंय. जमिनीवर ओळीने झोपवलेली माणसं, एका लहान मुलीजवळ धरलेला गायगर काउंटर, आईच्या प्रेताशेजारी रडणारं पोर. आगगाडीत एक बाई सहज बोलावं तसं म्हणून जाते की नागासाकीतून एवढी जीव वाचवून आले आणि आता हे. युद्ध संपून ९ वर्षं झाली होती फक्त.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी मुंबईतल्या एका स्टुडिओत होते. एका पौराणिक मालिकेचं काम चालू होतं. अवाढव्य असुर नगरात शिरतो, गोपुर पाडतो, असा सीक्वेन्स. मॉडेल सुंदर होतं, टेक्स्चर सुंदर होतं, आणि क्लायंटकडून दर वेळी एकच शेरा यायचा: वजन वाटत नाही. आमचे सुपरवायझर दर डेलीजला (तयार शॉट्स बघायच्या रोजच्या बैठकीला) एकच उपाय सांगायचे, धूळ वाढवा. धूळ वाढायची, शेरा तोच. मी म्हटलं, सर, धुळीचा प्रश्नच नाहीये, वेळेचा आहे. असुर चालतोय माणसाच्या वेगाने आणि गोपुराचे तुकडे पडतायत खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे झटकन. जेवणाच्या सुट्टीत मी 'गोजिरा'तला टोकियोचा भाग लावते, सगळ्यांनी बघूया.

लावला. पहिल्या दोन-तीन मिनिटांतच सर हसायला लागले. "अरे, हा तर रबराचा सूट घालून फिरणारा माणूस आहे. यातून आपण काय शिकायचं?" साहेब हसले की खोली हसते. एक छोटी मोटारगाडी उलटली तेव्हा कोणीतरी शिट्टी मारली. सरांनी हॉस्पिटलच्या दृश्याआधीच बंद करायला लावलं आणि मला म्हणाले, तू भावनेच्या भरात बोलतेस, टेक्निकली हे शून्य आहे.

शून्य? मग ऐका, त्यांना तेव्हा ऐकवायचं होतं ते इथे सांगते.

स्पेशल इफेक्ट्स एइजी त्सुबुराया यांचे. १९३३ चा 'किंग काँग' पाहून झपाटलेला माणूस. त्यांना काँगसारखंच एकेक फ्रेम हलवून स्टॉप-मोशनमध्ये करायचं होतं, पण हातात काही महिनेच होते, म्हणून सूट आला. मर्यादेतून आलेला पर्याय होता, हे खरं. पण त्या पर्यायावर त्यांनी डोकं किती लावलं ते बघा. शहर बांधलं मुख्यतः १:२५ प्रमाणात. म्हणजे सूटमधला सुमारे २ मीटर उंच माणूस ५० मीटरचा होतो. आता साधं भौतिकशास्त्र. २ मीटरवरून सोडलेली वस्तू पाऊण सेकंदाच्या आत जमिनीवर येते. ५० मीटरवरून पडणारीला ३ सेकंदांहून जास्त लागतात. म्हणजे इमारत २५ पट लहान असेल तर तिचं कोसळणं ५ पट संथ दिसायला हवं. म्हणून कॅमेरा जास्त वेगाने चालवायचा, जास्त फ्रेम टिपायच्या आणि नेहमीच्या वेगाने दाखवायच्या. वजन तिथून येतं. धुळीतून येत नाही.

आणि कॅमेरा वेगाने चालवायचा तर प्रत्येक फ्रेमला उजेड मिळतो कमी, म्हणून सेटवर दिवे हवेत प्रचंड. त्या दिव्यांच्या भट्टीत सूटमध्ये उभा होता हारुओ नाकाजिमा. पहिला सूट इतका ताठ झाला की त्यात धड चालता येईना, तो कापून फक्त पाय वगैरे दाखवायच्या शॉट्सना वापरला. दुसराही १०० किलोच्या आसपास होता. नाकाजिमा त्यात घामाने निथळायचा, घेरी येऊन पडायचा. हा माणूस प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती-अस्वलं पाऊल कसं टाकतात ते बघून आला होता. त्याच वर्षीच्या 'सेव्हन सामुराय'मध्ये तो एका छोट्या भूमिकेत आहे, आणि त्यातला सामुरायांचा म्होरक्या झालेला ताकाशी शिमुरा 'गोजिरा'त डॉक्टर यामाने आहे. नाकाजिमाने १९७२ पर्यंत १२ सिनेमांत गॉडझिला केला. 'रबराचा सूट घालून फिरणारा माणूस' तो हा.

विजेचे मनोरे वितळतात ते दृश्य आठवून बघा (पाहिलं नसेल तर बघाल). ते मेणाचे होते, उष्णता देऊन खरोखर वितळवलेले. मला आज तो शॉट सॉफ्टवेअरमध्ये करायला दिला तर मी पहिला संदर्भ म्हणून तोच लावेन. आणि डरकाळी! संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्या कल्पनेतून डबल बासच्या सैल केलेल्या तारेवरून राळ लावलेला चामड्याचा हातमोजा घासला, ते रेकॉर्डिंग खालीवर करून तो आवाज बनवला. सत्तर वर्षं झाली, अजून कोणालाही तो बदलून पूर्णपणे नवा करावासा वाटलेला नाही.

आमच्या असुराचं काय झालं? धूळ वाढवून शॉट गेला. मालिकेत अजून तसाच दिसतो, हवा भरल्यासारखा. मी पुढे तो स्टुडिओ सोडला, कारण वेगळं होतं. मग मार्च २०२४ मध्ये 'मायनस वन'ला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं आणि त्याच सरांनी स्टेटस ठेवलं की जपान्यांना आता कुठे इफेक्ट्स जमायला लागले, रबरातून सुटले एकदाचे. तुमच्या प्रश्नात तेच वाक्य थोड्या सभ्य रूपात आहे. तुमचा दोष नाही, सगळीकडे असंच लिहिलं जातं.

'मायनस वन' मला अतिशय आवडतो. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतःच इफेक्ट्सचे प्रमुख, सुमारे ३५ जणांची टीम, ६१० शॉट्स. आमच्याकडे एका सीझनच्या क्रेडिट्समध्ये याच्या कित्येक पट नावं असतात. पण त्यातला गॉडझिला टोकियोतल्या गिन्झामधून चालतो तो कसा? जड, सावकाश, शरीराचा वरचा भाग फारसा न हलवता. ती नाकाजिमाची चाल आहे. मागे वाजते ती इफुकुबेंची धून आहे. यामाझाकी रबरातून सुटलेले नाहीत, त्यांनी ते सगळं मनापासून उचललंय.

त्याहून मोठा पुरावा २०१६ चा 'शिन गॉडझिला'. पूर्ण सीजी, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेला प्राणी. त्याच्या मोशन कॅप्चरसाठी (माणसाच्या हालचाली टिपून त्या सीजी प्राण्याला देण्यासाठी) कोणाला बोलावलं? मान्साई नोमुरा यांना. क्योगेन या शेकडो वर्षं जुन्या जपानी रंगभूमीचे नट. म्हणजे रबर गेलं तरी आत माणूस हवाच होता, आणि तोही सराव केलेल्या शरीराचा. सरांना मी त्या काळात हे नाव पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. आपल्याकडे दशावतारात रंग लावून संकासुर उभा राहतो तेव्हा पुढ्यात बसलेली मुलं आईच्या मागे लपतात, तिथे कोणी 'टेक्निकली शून्य' म्हणत नाही.

बरं, तुमचा प्रश्न. १९५४ चा झाला की लगेच बाकीचे सगळे ओळीने बघायला जाऊ नका, थकाल. १९६४ चा 'मॉथ्रा विरुद्ध गॉडझिला' बघा. मॉथ्रा म्हणजे पतंग जातीचा महाकाय कीटक. होंडा, त्सुबुराया, इफुकुबे तिघेही त्यात आहेत आणि रंगीत आहे. किनाऱ्यावर आलेलं महाकाय अंडं विकत घेऊन त्याचा तमाशा मांडणारे व्यापारी हे त्यातले खरे खलनायक. मग तीन डोक्यांचा घिदोरा हवा असेल तर त्याच वर्षाच्या शेवटी आलेला सिनेमा आहे. १९७१ चा 'हेडोरा' प्रदूषणावर आहे, गाळ आणि धूर खाऊन वाढणारा प्राणी. विचित्र आहे, मध्येच कार्टून येतं, तरी बघा. त्यानंतर मधलं बरंच सोडून गामेराकडे जा. उडणारं कासव ऐकून तोंड वाकडं करू नका. शुसुके कानेको यांचे १९९५, १९९६ आणि १९९९ चे तीन गामेरा म्हणजे सूट आणि मिनिएचर (छोट्या प्रतिकृती) या कलेचं शिखर, असं माझं ठाम मत आहे. तिसऱ्यात एक मुलगी आहे जिचे आईवडील गामेराच्याच लढाईत मेले, आणि ती त्याला माफ करायला तयार नाही. जगाला वाचवताना पायाखाली कोण आलं हा प्रश्न हॉलिवूडच्या मारामाऱ्यांत फारसं कोणी विचारत नाही. मग 'शिन', आणि शेवटी 'मायनस वन'. 'शिन' बघताना २०११ चा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमा डोक्यात ठेवा, नाहीतर एवढ्या मीटिंगा कशाला दाखवल्यात असं वाटेल. त्या मीटिंगाच सिनेमा आहेत.

हॉलिवूडचे आधी बघितले असतील तर हरकत नाही, पण त्यावरून जपानी सिनेमांना मार्क देऊ नका. १९९८ चा अमेरिकन सिनेमा तर सोडूनच द्या. २००४ च्या 'फायनल वॉर्स'मध्ये जपान्यांनी त्या प्राण्याला 'झिला' नाव देऊन सिडनीत गॉडझिलाकडून काही सेकंदांत संपवला, तेवढं पुरे.

काही गोष्टी राहिल्या. १९५६ ची अमेरिकन आवृत्ती चुकून लावू नका. त्यात रेमंड बर नावाचा नट पत्रकार म्हणून मध्ये घुसवलाय आणि अणुबॉम्बचे स्पष्ट उल्लेख बरेच काढून टाकलेत. जगभरातल्या बऱ्याच लोकांनी वर्षानुवर्षं तेवढंच पाहिलं आणि 'राक्षसाचा फालतू सिनेमा' असं मत करून घेतलं. दुसरं, सगळे सूटवाले सिनेमे चांगले आहेत असं मी म्हणत नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी पैसे कमी पडायला लागले, १९६९ चा तर जुन्या सिनेमांची दृश्यं पुन्हा वापरून पुरा केलेला आहे. ते बघून हसलात तर मी भांडायला येणार नाही. तिसरं, १९५४ च्या सिनेमात प्राणी पूर्णपणे समोर यायला वेळ लागतो, तोवर गावकरी, बैठका, वादळ असं चालतं. फोन लांब ठेवा आणि आवाज मोठा ठेवा, कारण पावलं दिसण्याआधी ऐकू येतात.

घरात लहान मुलं असतील तर त्यांना 'गोजिरा' आणि तिसरा गामेरा दाखवू नका. त्यांना मॉथ्रा दाखवा. दोन छोट्या जुळ्या बहिणी गाणं म्हणतात आणि तो महाकाय कीटक येतो, हे सहा वर्षांच्या पोरालाही कळतं. सूट आहे की सीजी, हे माझ्या भाचीने अजून एकदाही विचारलेलं नाही.