कासची फुलं पांढरी फटक का येतात?

प्रश्न : ताई, आम्ही काही हौशी मंडळी महिन्यातून एकदा साताऱ्यात जमतो आणि एकमेकांचे फोटो बघतो. कासला काढलेला गेंदाच्या फुलांचा फोटो मी दाखवला, तो सोबत पाठवलाय. फुलं नुसते पांढरे ठिपके दिसतात. एक जण म्हणाले मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स घे, दुसरे म्हणाले एडिटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट वाढव, बाकीचे ‘अप्रतिम’ म्हणून पुढच्या फोटोकडे वळले. माझ्याकडे साधा डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ची किट लेन्स आहे. नवी लेन्स घ्यावीच लागेल का?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : अजिबात घेऊ नका. यात तुमच्या लेन्सचा काडीचाही दोष नाही.

गेंद म्हणजे देठाच्या टोकावर बसलेलं शर्टाच्या बटणाएवढं पांढरं बोंड. तुमच्या चौकटीत ही बोंडं थोडीच आहेत, बाकी सगळं ओलं गडद गवत आणि जांभ्याचा काळपट कातळ. समोरचं दृश्य मध्यम उजेडाचं आहे असं कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर धरून चालतो. तुमच्या कॅमेऱ्याने गवत उजळायला प्रकाश वाढवला आणि त्या भरात फुलं जळाली, म्हणजे इतकी पांढरी झाली की त्यांत तपशीलच उरला नाही. जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या नेहमीच्या फोटो फाइलमध्ये, असा पूर्ण जळलेला भाग नंतर काही केलं तरी परत येत नाही. कॉन्ट्रास्ट वाढवलात तर उरलीसुरली पाकळीही जाईल, म्हणून तो सल्ला सोडून द्या.

पुढच्या वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला प्रकाश कमीजास्त करायची सोय) उणे १वर आणा आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती राखणाऱ्या फाइलमध्ये, काढा. काढलेला फोटो पडद्यावर बघताना हायलाइट वॉर्निंग लावा, ती जळलेला भाग लुकलुकवून दाखवते. फुलं लुकलुकत असतील तर आणखी थोडं खाली या. गवत काळं दिसेल, दिसू दे, ते नंतर उजळता येतं. मात्र पठारावर धुकं उतरलं की हाच हिशोब उलटा करायचा. धुक्याचा पांढरेपणा कॅमेरा राखाडी करून टाकतो, तिथे अधिक १कडे जायचं.

फोटो मोठा करून पाहिला तर फुलं हललेलीही दिसतात. शटर १/६० सेकंद आहे. कासच्या वाऱ्यात एवढ्या बारीक देठांना ते पुरायचं नाही. १/५००पेक्षा हळू शटर ठेवू नका, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ८००वर न्यावा लागला तरी बेधडक न्या. थोडे दाणे दिसलेले परवडतात, हललेलं फूल सुधारता येत नाही.

एक गोष्ट जरा कळकळीने सांगते. उजव्या कोपऱ्यात सीतेची आसवं दिसतायत, आणि फोटोचा कोन फुलांमध्ये बसून काढल्यासारखा वाटतो. तसं असेल तर पुन्हा नका बसू. ही कीटकभक्षी वनस्पती आहे. ओल्या मातीतल्या इवल्या पिशव्यांमध्ये ती बारीक जीव पकडते, आणि ती माती म्हणजे कातळावरचा जेमतेम थर. माणूस बसला की तेवढा तुकडा गेलाच. पश्चिम घाटाला २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कास आहे. आपल्या एका फोटोसाठी ते तुडवायचं कशाला? किट लेन्स ५५वर, म्हणजे पूर्ण झूमवर, नेली की साधारण फूटभरावरून फोकस होतो. पायवाटेच्या कडेला वाकलात तरी पुष्कळ फुलं सापडतात.

आता तुमच्या गटाबद्दल, कारण खरी अडचण मला तिथेच दिसते. आपल्याकडे नवख्याचा फोटो आला की एक तर कौतुक होतं, नाहीतर खरेदीची यादी हातात पडते. दोन्हींत त्याच्या हाती काही लागत नाही. फोटो दाखवणाऱ्याने आधी सांगावं की आपल्याला काय टिपायचं होतं आणि कुठे अडलं. शटर, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं होतं), आयएसओही सांगावे. बघणाऱ्याने नेमक्या जागेवर बोट ठेवून बोलावं : हे बोंड जळलंय, हा देठ हललाय. आवडला असेल तरी कुठला भाग आवडला ते सांगावं. आणि मोबाइलवर फोटो फिरवण्यापेक्षा छोटी का होईना, प्रिंट आणा. प्रत्येकाच्या स्क्रीनचा उजेड वेगळा, त्यामुळे एकाला जळलेलं दिसतं ते दुसऱ्याला दिसतच नाही.

प्रश्न : मिरजेत सतार बनवणाऱ्या कारागिरांचे फोटो काढले. दुकानात बल्ब होता. चेहऱ्याची एक बाजू केशरी आणि दुसरी निळी आली आहे. काय चुकलं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दारातून येणारा दिवसाचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती रंगांची जुळवणी, दोघांपैकी एकालाच सांभाळू शकतो. कारागिरांना बल्ब बंद करायला सांगू नका, त्यांचं काम बारीक असतं. कोणी दाराशी बसून भोपळा घासत किंवा तारा लावत असेल ती वेळ गाठा, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवा आणि बल्ब चौकटीबाहेर राहील असे उभे राहा. पॉलिश केलेल्या भोपळ्यावर दाराची पांढरी चकाकी येते. दोन पावलं बाजूला सरकलात की ती हलते आणि खालचं नक्षीकाम दिसायला लागतं. आधी परवानगी घ्या, आणि पुढच्या खेपेला त्यांच्यासाठी एक प्रिंट नक्की घेऊन जा.