लंडनहून गाडीशिवाय जाता येईल अशी, आई-बाबांना झेपणारी नदीकाठची आणि शेतातली वाट कोणती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेमध्ये आई-बाबा येतायत, गाडी नाही, बाबांच्या गुडघ्यामुळे चढ-उतार नको, आणि त्यांना लंडनची गर्दी सोडून इथलं खेडं नि शेती बघायची आहे. मी कोलचेस्टरला राहतो, तेव्हा थोडा पक्षपात होणारच, पण माझं उत्तर एकच आहे: डेडहॅमचं खोरं. एसेक्स आणि सफोक या दोन परगण्यांच्या मधून स्टूर नदी वाहते, तिच्या काठाने मॅनिंगट्री ते फ्लॅटफर्ड ते डेडहॅम.

कॉट्सवोल्ड्सचं, म्हणजे इंग्लंडमधल्या प्रसिद्ध डोंगराळ खेड्यांच्या भागाचं, नाव तुम्हाला सगळेच सुचवतील. सुंदरच आहे. पण तिथल्या बोर्टन-ऑन-द-वॉटर या नावाजलेल्या गावाला रेल्वे नाही, आणि चांगल्या हवेच्या शनिवारी तिथल्या पुलांवर फोटोसाठी रांग लागते. मॅनिंगट्रीला लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून थेट रेल्वे आहे, साधारण तासाभराची. तुम्ही तिघं आहात, तर गर्दीची वेळ टाळून ‘ग्रुपसेव्ह’चं तिकीट काढा, भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. रविवारी जाणार असाल तर आधी रुळांची कामं नाहीत ना ते बघा, नाहीतर अर्धा प्रवास बसने होतो.

स्टेशनच्या पार्किंगच्या टोकापासूनच पायवाट सुरू होते. फ्लॅटफर्डपर्यंत सुमारे तीन किलोमीटर, तिथून डेडहॅमपर्यंत आणखी अडीच. सगळं सपाट. परतीचं अंतर धरलं तर अकरा किलोमीटर होतात, ते बाबांच्या गुडघ्याला जास्त आहे. म्हणून एकाच दिशेने चाला आणि डेडहॅमहून स्टेशनपर्यंत टॅक्सीने या. टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवा, गावात उभं राहून हात केला की येईल असं इथे नसतं. तेवढंही चालणं नको वाटलं तर उलट करा: स्टेशनहून टॅक्सीने थेट फ्लॅटफर्ड, आणि तिथून डेडहॅमपर्यंतचा फक्त कुरणातला टप्पा चाला. खरी मजा त्याच टप्प्यात आहे.

फ्लॅटफर्ड म्हणजे गावसुद्धा नाही. एक पाणचक्की, एक पूल, पुलाजवळचं गवती छपराचं घर, दोन-चार जुन्या इमारती. पण जॉन कॉन्स्टेबल हा चित्रकार १७७६ साली इथून वर टेकाडावर असलेल्या ईस्ट बर्गहोल्ट गावात जन्मला, आणि ही चक्की त्याच्या वडिलांची. त्यांचा धान्याचा आणि पिठाचा व्यापार होता, स्वतःच्या मालवाहू होड्या होत्या. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं १८२१ सालचं ‘द हे वेन’ लागलेलं आहे: उथळ पाण्यात उभी असलेली घोड्यांची गाडी आणि डावीकडे एक पांढरट घर. ते घर अजून आहे, ते पाणीही आहे. जमलं तर आदल्या दिवशी गॅलरीत जाऊन चित्र बघा (प्रवेश फुकट आहे) आणि मग इथे या. जागा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, त्यांचं चहाघर आणि स्वच्छतागृह आहे. चक्कीच्या इमारतीत निसर्गाच्या अभ्यासाचं केंद्र चालतं, त्यामुळे ती बाहेरूनच बघायची.

नदी शांत दिसते, पण ही एके काळची वाहतुकीची वाट. १७०५ च्या कायद्याने ती होड्यांसाठी खुली झाली आणि काठावरून घोडे होड्या ओढत. गुरं भटकू नयेत म्हणून काठावर आडवे अडसर असत आणि घोड्यांना ते उडी मारून ओलांडायला शिकवलेलं असे. कॉन्स्टेबलचं १८२५ चं उडी मारणाऱ्या घोड्याचं चित्र त्याचंच आहे. आता अडसरांच्या जागी फाटकं आहेत. अर्धगोल कठड्यात झुलणारं एक फाटक असतं, त्यातून माणूस एकेक करून जातो आणि गायीला मात्र वळता येत नाही. बाबांना त्याची अडचण होणार नाही. इतर ठिकाणी कुंपणावर चढून उतरायच्या लाकडी पायऱ्या असतात, त्या गुडघ्याला वाईट. नवी वाट निवडताना मी आधी तेच बघतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या बाबांचा जीव पहिल्या शेतापाशी अडखळेल, माझ्या वडिलांचाही अडखळला होता. “अरे, हे कुणाचं तरी शेत आहे, मालक काय म्हणेल?” मालक काही म्हणणार नाही, कारण वाट सार्वजनिक आहे. जमीन खासगी, चालण्याचा हक्क सगळ्यांचा. वाटेवरच्या खुणांमधला पिवळा बाण म्हणजे पायी चालणाऱ्यांची वाट, निळा म्हणजे घोडा आणि सायकललाही मुभा. १९४९ च्या कायद्याने अशा वाटांचे अधिकृत नकाशे करणं भाग पडलं. वाट शेताच्या मधून जात असेल तर शेतकऱ्याला नांगरट करता येते, पण नंतर किमान एक मीटर रुंदीची वाट पुन्हा मोकळी करून द्यावी लागते. म्हणून मेमध्ये गव्हाच्या हिरव्या शेतात मधोमध भांग पाडल्यासारखी रेघ दिसते. तिच्यावरून बिनधास्त चाला. रेघ सोडून मात्र जायचं नाही, हक्क तेवढ्यापुरताच आहे. आपल्याकडे बांधावरून नि पाणंदीवरून होणारे खटले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे फार गमतीचं वाटतं. माझे वडील परत गेल्यावर नातेवाइकांना लंडन ब्रिजपेक्षा हेच जास्त सांगत होते.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात आलात तर आजूबाजूच्या उतारांवर पिवळीधमक शेतं दिसतील. आई मोहरी म्हणेल आणि फारशी चुकणार नाही, ते मोहरीच्याच कुळातलं तेलबियांचं पीक आहे. कुंपणांवर पांढरा मोहर, कुरणात पिवळी रानफुलं. गवताच्या परागाने शिंका येणाऱ्यांनी औषध जवळ ठेवावं.

बाबा क्रिकेटवाले असतील तर त्यांना झाडं दाखवा. नदीकाठी दोन तऱ्हेचे विलो दिसतात. एक म्हातारे, डोकं छाटलेले, जाड बुंध्याचे, हे चित्रांतले. दुसरे सरळसोट, सारख्या अंतरावर ओळीत लावलेले, बुंध्यावर एकही फांदी नाही. ते बॅटचे विलो. लाकडात गाठ पडू नये म्हणून खालचे कोंब लहानपणीच खुडून टाकतात आणि पंधरा-वीस वर्षांनी झाड कापतात. एसेक्स आणि सफोक हा या लाकडाचा खास मुलूख, आणि त्यातलं पुष्कळसं मेरठ नि जालंधरला जातं. ‘इंग्लिश विलो’ असा शिक्का असलेली बॅट दुकानात हातात घेतली असेल, तर तिचं झाड असं असतं.

गायींबद्दल एक सूचना, तीही गंभीरपणे. उन्हाळ्यात या कुरणांत गुरं चरायला सोडलेली असतात. आपल्या माणसांना गाय दिसली की हात लावून नमस्कार करावासा वाटतो. लांबूनच करायचा. वासरू आणि गाय यांच्या मधून कधीही जायचं नाही, थोडा वळसा घ्यायचा. तरणी गुरं नुसत्या कुतूहलाने मागे येतात, अशा वेळी पळू नका, सावकाश चालत फाटकापर्यंत जा. आणि फाटक जसं सापडलं तसं सोडा, बंद असेल तर बंद करून.

डेडहॅम नेटकं गाव आहे, जरा श्रीमंत. जेवण पबमध्ये मिळेल, शाकाहारी एखाद-दोन पदार्थ असतातच, पण बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतं. आईला ते जड वाटलं तर चहा, स्कोन (छोटा गोडसर पाव), जॅम आणि घट्ट साय एवढ्यावर दुपार सहज भागते. मी तर धपाटे नि लोणचं घेऊनच जातो आणि नदीकाठच्या गवतावर बसतो, कोणी हटकत नाही. हंगामात पुलाजवळ वल्ह्याच्या होड्या भाड्याने मिळतात. ईस्ट बर्गहोल्टला चर्चचा मनोरा अर्धवट राहिल्यामुळे त्याच्या पाच प्रचंड घंटा १५३१ पासून अंगणातच, लाकडी पिंजऱ्यात आहेत. पण तिथे जायला फ्लॅटफर्डहून चढ आहे, तेव्हा बाबांना चहाघरात बसवून तुम्ही एकटे जाऊन या.

बूट जुने घाला. आठवडाभर पाऊस झाला असेल तर कुरणात चिखल होतो आणि गुडघेवाल्यांनी चिखलात घसरण्यात अर्थ नाही. तसं झालं तर त्या दिवशी केंब्रिजला जा आणि तिथून ग्रँटचेस्टर गावापर्यंत चाला: कॅम नदी, कुरण, गुरं सगळं आहे, शहराच्या कडेपासून तीनेक किलोमीटर, आणि कुरणातली वाट फरसबंद आहे. गर्दी जास्त आणि विद्यार्थ्यांच्या सायकलीही, पण बूट कोरडे राहतात.