'रिस्पेक्ट'मधलं 'टीसीबी'

प्रश्न असा: अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिनच्या 'रिस्पेक्ट' या गाण्यात शीर्षकाचं स्पेलिंग एकेक अक्षर गाऊन झाल्यावर 'टेक केअर, टीसीबी' ऐकू येतं, पण छापील शब्दांत कुठे कुठे 'टेक आउट, टीसीपी' असतं. बरोबर काय? आणि मागून येणारं 'सॉक इट टू मी' कशाचं?

बरोबर 'टीसीबी'च. 'टेकिंग केअर ऑफ बिझनेस'ची ही आद्याक्षरं. यातला 'बिझनेस' म्हणजे धंदा नव्हे. अंगावर घेतलेलं काम चोख पार पाडायचं, एवढाच अर्थ. साठच्या दशकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात हे रुळलेलं होतं. शब्द उतरवून घेणाऱ्यांच्या कानावरून ते कधी गेलं नसावं. 'बी'चा 'पी' झाला आणि अर्थ नसलेली ओळ छापली जात राहिली. पुढे रॉक गायक एल्व्हिस प्रेस्लीने हीच अक्षरं विजेच्या चिन्हासकट लॉकेटवर मिरवली. त्यामुळे काहींना ती त्याचीच वाटतात. तसं नाही.

'सॉक' म्हणजे ठोसा हाणणं. पण इथे मारामारी नाही. आपण रंगात आलेल्या गायकाला 'होऊन जाऊ दे!' म्हणतो ना, साधारण तोच सूर. त्यात चावटपणा शोधणारेही निघाले, मात्र ते तेव्हाचं प्रचलित बोलणं होतं, त्यात तसलं काही नाही, असं स्वतः अरीथाचं म्हणणं. ते गाणाऱ्या तिच्या सख्ख्या बहिणी, कॅरोलिन आणि अर्मा.

गंमत म्हणजे गाणं मुळात ओटिस रेडिंग या गायकाचं, १९६५ सालचं, आणि त्यात यातलं काहीच नाही. स्पेलिंग नाही, 'टीसीबी' नाही, 'सॉक इट' नाही. कमावून घरी आलेला पुरुष बायकोकडे मानाची मागणी करतो, इतकंच. पॉप गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत ते ३५व्या क्रमांकापर्यंत पोचलं. अरीथाने फेब्रुवारी १९६७मध्ये मागणी बाईच्या तोंडी दिली, वर ही बोलीभाषेची फोडणी घातली, आणि जूनमध्ये ते बिलबोर्ड मासिकाच्या 'हॉट १००' या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दोन आठवडे पहिलं राहिलं. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या संगीत महोत्सवात ओटिसनेही, एका मुलीने हे गाणं माझ्याकडून नेलं, असं हसत सांगून टाकलं.

शीर्षकाला मराठी शब्द हवाच असेल तर 'आदर' नको, तो भाषणातला. 'मान' घ्या. 'या घरात मला मान हवा' हे कुठलीही बाई सहज म्हणेल.