तोंड उघडेना, बोट उलगडेना

प्रश्न : भावाचे वय २९. आठ वर्षे खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खातो. आता तोंडात दोन बोटेही कशीबशी जातात, पाणीपुरी तर सोडाच, साधे वरणही झोंबते. डॉक्टर दर आठवड्याला गालात इंजेक्शन देतात. चार झाली, फरक जेमतेम. पुढची घ्यावीत का?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : घ्यावीत. पण त्याआधी एक विचारतो, घरी तोंड ताणण्याचा व्यायाम होतो का? चार इंजेक्शनांनी फरक पडला नाही की घोडे बहुतेक वेळा तिथेच अडलेले असते.

या आजाराला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या अस्तराखाली कोलॅजन या प्रथिनाचे धागे जास्त तयार होतात. सुपारीतले तांबे त्या धाग्यांना आडव्या गाठी मारणाऱ्या एन्झाइमला जोर देते. सुपारीतल्याच टॅनिनमुळे ते धागे इतके चिवट होतात की शरीराला ते सहजी तोडता येत नाहीत. एक बोट गालाच्या आत आणि एक बाहेर ठेवून चिमटीत धरले की उभी दोरी हाताला लागते, ती हीच.

इंजेक्शनातले हायल्युरोनिडेझ ही दोरी कापत नाही. इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. धाग्यांच्या मधे हायल्युरोनिक आम्लाचा चिकट गर असतो, तो तेवढा ते पातळ करते. त्यामुळे सोबतचे स्टिरॉइड दूरवर पसरते, आग कमी होते आणि गाल थोडा सैल पडतो. हा गर एक-दोन दिवसांत पुन्हा पहिल्यासारखा होतो. म्हणून ताणायचे ते त्या एक-दोन दिवसांत, आणि नंतरही रोज.

नेहमीची पद्धत अशी. १५०० युनिटची पांढऱ्या भुकटीची कुपी डेक्सामेथासोन या स्टिरॉइडमध्ये (१ मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम) आणि थोड्या लिग्नोकेनमध्ये (बधिर करणारे औषध) विरघळवतात आणि लगेच वापरतात. इन्सुलिनच्या बारीक सुईने दोरीच्या कडेने चार-पाच ठिकाणी प्रत्येकी साधारण ०.२ मिलिलिटर सोडतात. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, सहा ते आठ आठवडे. सुई खोल जाऊन स्नायूत शिरली तर औषध अगदी सहज आत जाते आणि वाया जाते. फारच घट्ट भागात जोर लावला तर ते टोचल्या जागेतूनच बाहेर येते. त्याच त्याच जागी टोचत राहिले तर तिथे नवा व्रण धरतो, म्हणून महिनोन्‌महिने इंजेक्शने चालू ठेवण्यात अर्थ नाही.

व्यायामासाठी आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या आणा. एक काडी साधारण २ मिलिमीटर जाड असते. बधिरपणा उतरल्यावर (आधी नको, गाल चावला तरी कळत नाही) वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये जेवढ्या बसतील तेवढ्या काड्यांची चळत ठेवा, अर्धा ते एक मिनिट धरा. दिवसातून पाच वेळा. ती चळत सैल वाटू लागली की आणखी एक काडी सरकवा. पुढचे दात हलत असतील तर हा प्रकार नको, डॉक्टरांना दुसरे साधन विचारा. काड्यांची संख्या तारखेसह वहीत लिहा, 'फरक जेमतेम' म्हणजे नेमका किती ते त्यातून कळेल. दवाखान्यात वरच्या-खालच्या दातांमधले हेच अंतर व्हर्नियरने (बारीक मोजमापाच्या पट्टीने) मोजतात. ३५ मिलिमीटरच्या वर असेल तर ठीक. १५ च्या खाली गेले असेल तर इंजेक्शनांवर वेळ घालवू नका. तिथे दोऱ्या कापून जागा गालातल्याच चरबीने झाकण्याची शस्त्रक्रिया लागते, आणि तिच्यानंतरही काड्या सुटत नाहीत.

डॉक्टरांना आधी सांगायच्या गोष्टी : मधुमेह (डेक्सामेथासोनने साखर वाढते), मधमाशी चावल्यावर मोठी ॲलर्जी आली होती का (त्या विषातही हायल्युरोनिडेझ असते), आणि तोंडात गळू किंवा पू आहे का. पू असलेल्या जागी हे औषध संसर्ग पसरवते. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर तिथे सुई नको, आधी बायोप्सी. हा आजार कर्करोगाच्या वाटेवरचा आहे, तोंड उघडू लागले तरी दर सहा महिन्यांनी तपासणी हवीच.

प्रश्न : तंबाखू सोडली, आता फक्त गोड सुपारी चघळतो. चालेल ना?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. या आजारात मुख्य दोष सुपारीचाच. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे म्हणून साधी सुपारी निर्धोक ठरत नाही. सुपारी चालू ठेवून इंजेक्शने घेणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

प्रश्न : वय ६४, मधुमेह आहे. अनामिका तळहाताकडे वाकली आहे. अमेरिकेतला मुलगा म्हणतो, तिकडे इंजेक्शनने गाठ विरघळवतात. तेच गालातले औषध का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, दोन्ही वेगळी आहेत, एकाच्या जागी दुसरे चालत नाही. तुमचे वर्णन ड्युपुट्रेन आकुंचनाचे वाटते, म्हणजे तळहाताच्या कातडीखाली कोलॅजनची दोरी तयार होऊन बोट आत ओढले जाते. त्यावरचे औषध कोलॅजनेझ. ते क्लोस्ट्रिडियम जीवाणूपासून मिळते आणि खरोखरच दोरी कापते. अमेरिकेत त्याला २०१० मध्ये मान्यता मिळाली. ०.५८ मिलिग्रॅमचा डोस ताणलेल्या दोरीत तीन ठिकाणी देतात. १ ते ३ दिवसांनी हात बधिर करून डॉक्टर बोट सरळ ओढतात आणि दोरी तुटते. कधी कातडीही फाटते, पण ती बहुधा ड्रेसिंगवर भरते. त्यानंतर चार महिन्यांपर्यंत रात्री बोट सरळ धरून ठेवणारी पट्टी बांधून झोपायचे. खरा धोका स्नायुबंधाचा (स्नायू हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्याचा) आहे. तोही कोलॅजनचाच असल्याने सुई खोल गेली तर तोच तुटतो. म्हणून हे काम हाताच्या सर्जनचे, आणि त्यातही या औषधाचे प्रशिक्षण घेतलेल्याचे.

आधी एक सोपी चाचणी करा. तळहात टेबलावर पालथा ठेवा. तो सपाट टेकत असेल तर अजून काही करायची घाई नाही. मधुमेहात नुसत्या गाठी असतात आणि बोट वाकतच नाही, असे बरेचदा दिसते. दोरी हाताला लागत नसेल तर या औषधाला कापायला काही नसतेच. तळहात टेकत नसेल तर मुलाकडे जाण्याआधी इथल्या हाताच्या सर्जनला सुईने दोरी तोडण्याबद्दल विचारा. ते स्थानिक भूल देऊन होते, खर्चही बराच कमी.