मोठ्या आतड्यातील पॉलिप : दुर्बिणीतून काढावा की शस्त्रक्रिया करावी?

प्रश्न (निपाणी) : वडिलांच्या मोठ्या आतड्यात अडीच सेंटिमीटरचा चपटा पॉलिप सापडला आहे. एवढा मोठा म्हणजे पोटाचे ऑपरेशनच करावे लागेल का?

उत्तर : पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेली वाढ. केवळ आकारावरून असे ठरत नाही, निर्णय ती किती खोल गेली आहे यावर होतो. आतड्याचे अस्तर, त्याखालचा मऊ थर आणि त्यापलीकडचे स्नायू अशी ही भिंत असते, आणि जोवर वाढ अस्तरापुरतीच आहे तोवर ती लसिकाग्रंथींमध्ये (आतड्यालगतच्या छोट्या गाठी, जिथे कर्करोग पसरू शकतो) पसरण्याची भीती जवळपास नसते. म्हणून अनुभवी डॉक्टर आधी विशेष प्रकाशात पृष्ठभागावरील नक्षी निरखतात आणि मग खालच्या थरात द्रव टोचतात. पॉलिप उशीसारखा वर उचलला गेला तर उत्तम. मधला भाग रुतून राहिला तर वाढ खोल गेल्याची शंका येते. मात्र आधी घेतलेल्या बायोप्सीच्या (तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याच्या) व्रणामुळेही तो उचलला जात नाही, आणि याचे मला फार वाईट वाटते, कारण सहज निघाला असता असा पॉलिप घाईने घेतलेल्या तुकड्यांमुळे अवघड होऊन बसतो. एवढा चपटा पॉलिप दिसल्यास फोटो काढून रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवणे अधिक योग्य. निव्वळ पॉलिप असेल तर तो तुकड्यातुकड्यांनी काढता येतो. वरवरच्या कर्करोगाची शंका असेल तर मात्र तो अखंडच निघाला पाहिजे, नाहीतर खोली मोजता येत नाही.

प्रश्न (कणकुंबी, ता. खानापूर) : सासूबाईंचे वय ७४ आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवल्यानंतर त्यांना अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू आहेत. पॉलिप काढता येईल का?

उत्तर : नुसत्या वयामुळे नकार देऊ नये. अ‍ॅस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल साधारण सात दिवस आधी थांबवतात, पण ते हृदयरोगतज्ज्ञांनी परवानगी दिली तरच. स्टेंट अलीकडेच बसवला असेल तर पॉलिप काढणे पुढे ढकलणे बरे. रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत उशिरानेही होऊ शकतो, आणि तुमच्याकडचा पावसाळा व घाटाचा रस्ता पाहता, तेवढे दिवस बेळगावात नातेवाइकांकडे राहण्याची सोय आधीच करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न (बेळगाव) : माझा पॉलिप अखंड काढला, पण रिपोर्टात कर्करोग निघाला. आता ऑपरेशन अटळ आहे का?

उत्तर : अटळ नाही. अनेक जण रिपोर्टचे शेवटचे पानच घेऊन येतात. तुम्ही सगळी पाने आणा. मऊ थरातील शिरकाव एक मिलिमीटरहून कमी, काढलेल्या पॉलिपच्या कडा स्वच्छ (म्हणजे तिथे कर्करोगाच्या पेशी नाहीत), पेशी फार बिघडलेल्या नाहीत, रक्तवाहिन्यांत वा लसिकावाहिन्यांत त्या शिरलेल्या नाहीत आणि कडेला सुट्या पेशींचे पुंजके फारसे नाहीत, हे सारे जुळले तर बहुधा देखरेख पुरते. यातले एकही बिनसले, तर ग्रंथींसह आतड्याचा तो भाग काढण्याचा विचार शल्यचिकित्सकांबरोबर बसून करावा लागतो, कारण ग्रंथींपर्यंत दुर्बीण पोहोचत नाही.

तुकड्यांनी पॉलिप काढलेल्यांनी मात्र सहा महिन्यांच्या आत पुन्हा तपासणी करून घ्यावी. व्रणाच्या कडेला उरलेला कण याच वेळी सापडतो आणि तेथेच काढता येतो.