महागड्या शहरात किती पगार मागावा?

प्रश्न : माझे पदवीचे शेवटचे वर्ष सुरू आहे. एका महागड्या शहरातील कंपनीने अपेक्षित पगार लेखी कळवायला सांगितले आहे. शहरांच्या महागाईचा निर्देशांक पाहून मी एक आकडा काढला आहे. तो योग्य ठरेल का?

उत्तर : निर्देशांकावरून काढलेल्या आकड्यावर मी विसंबणार नाही. अशा काही याद्या परदेशी नेमणुकीवर जाणाऱ्या अधिकाऱ्यांचे भत्ते ठरवण्यासाठी केलेल्या असतात, तर काहींच्या मुख्य निर्देशांकात घरभाडे धरलेलेच नसते. आणि तुमच्यासारख्या नव्याने नोकरीला लागणाऱ्याचा सर्वांत मोठा खर्च बहुधा तोच असतो.

म्हणून सुरुवात भाड्यापासून करा. कार्यालयापासून तासाभराच्या अंतरावरील तीन-चार भागांतील जाहिराती आठवडाभर पाहा, सर्वांत स्वस्त जागा सोडून मधले भाडे धरा आणि त्यात वीज, पाणी, इंटरनेट येते का, हे विचारून घ्या. दूरचे घर स्वस्त वाटते खरे. पण प्रवासखर्च त्यात मिळवला आणि काम उशिरा संपल्यावर परतायचे कसे याचा विचार केला, की पुष्कळदा फारसा फरक उरत नाही. भाडे उत्पन्नाच्या ३० टक्क्यांत बसावे, असे सर्रास सांगितले जाते. अमेरिकेत सरकारी घरांतील भाडेकरूंसाठी १९६९ मध्ये २५ टक्क्यांची मर्यादा आली आणि १९८१ मध्ये ती ३० टक्के झाली. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आखलेल्या त्या मर्यादेत तुमचे भाडे बसले नाही, तर लगेच नोकरी नाकारू नका, आधी जागा वाटून घेण्याचा हिशेब करून पाहा.

जेवण, फोन, औषधपाणी, शैक्षणिक कर्जाचा हप्ता आणि घरी पाठवायची रक्कम या बाबी तुम्हाला माहीतच आहेत. बचत मात्र उरेल त्यातून न करता खर्चाच्या यादीतच लिहा, कारण ती धरली नाही तर आकडा जेमतेम भागण्याचा येतो, नीट राहण्याचा नव्हे.

आता हमखास चुकणारी पायरी. ही बेरीज म्हणजे हातात यायला हवी ती रक्कम; कंपनी बोलते ती कर आणि कपातीपूर्वीच्या पगाराविषयी. समजा, बेरीज १०० आली आणि कपात २५ टक्के आहे. अशा वेळी बरेच जण १२५ मागतात. पण १२५ मधून २५ टक्के वजा जाता ९३.७५ च उरतात. १०० ला ०.७५ ने भागावे लागते, म्हणजे सुमारे १३३.३३ मागायला हवेत. तुमच्या बाबतीत कपात किती होईल, हे कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला निःसंकोच विचारा.

अनामत रक्कम आणि सामान हलवण्याचा खर्च मासिक हिशेबात मिसळू नका. त्यासाठी स्थलांतर भत्ता वेगळा मागता येतो. बोनस मिळेलच असे गृहीत न धरता, कपातीपूर्वीच्या वरील मासिक रकमेची बारा पट हा तुमचा किमान आकडा समजा आणि कंपनीला त्याहून थोडा अधिक कळवा, कारण पुढे घासाघीस होणारच आहे.