"तुम्ही बसा हो, आई"

*ताई, माझं वय ७४. दिवाळीच्या तोंडावर सातारच्या घरी न्हाणीघरात पाय घसरला, डावं मनगट मोडलं. मुलाने पुण्याला आणलं. प्लास्टर निघून दोन महिने झाले. सून मायेची आहे, पण कशाला हात लावू देत नाही. पाणीसुद्धा हातात येतं. घरी परत जाते म्हटलं की मुलगा विचारतो, "पुन्हा पडलीस तर?" मी हट्टीपणा करतेय का?*

काकू, हा हट्ट नाही. मुलाची भीती मात्र खरी आहे, ती उडवून लावू नका. पण बसून राहिल्याने पडणं टळत नाही, उलट जवळ येतं. या वयात मांड्यांतली ताकद भराभर ओसरते आणि ऐनवेळी तोल सावरायला पायच साथ देत नाहीत. आम्ही भावंडांनीही आईला असंच जपलं होतं. तीन महिन्यांत तिला न्हाणीपर्यंत न्यायला दोघं लागू लागली. ते मला आजही टोचतं.

आधी एक करून बघा. खुर्ची भिंतीला टेकवा, सुनेला शेजारी उभं करा. हाताची घडी छातीशी घालून उठा, बसा. अर्ध्या मिनिटात तुमच्या वयाच्या बाईला दहा वेळा तरी जमावं. सहाच जमलं तर घाबरू नका, रोज तेवढंच करत हळूहळू वाढवा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याची कड धरून टाचा उचला. मग एका पायावर उभं राहून बघा, बोटं ओट्यावरच ठेवून. आणि सुनेकडे कणीक मागा. डॉक्टरांनी मनगटाला मोकळीक दिली असेल तर आधी दोन पोळ्यांपुरतीच मळा. "मदत करू का" असं विचारू नका, तिचं उत्तर ठरलेलंच आहे. सरळ परात पुढे ओढा.

डॉक्टरांकडे दोन गोष्टी काढाच. साध्या घसरण्याने हाड मोडलं, म्हणजे हाडांची घनता तपासायला हवी. शिवाय रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर उठताना चक्कर येते का, हेही सांगा.

सातारच्या घराचं काम मुलावर सोपवा, त्याची भीती कामाला लागेल. न्हाणीत भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा, टॉवेलची नळी अंगाचा भार पेलत नाही. बसून अंघोळीला न डगमगणारं स्टूल, रात्री वाटेत दिवा. सुटं पायपुसणं काढून टाका. आत असताना कडी लावू नका आणि घराची एक किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा. रोज सकाळी फोन कोण कोणाला करणार, तेही आत्ताच ठरवा.

पहिला आठवडा मुलाला सोबत राहू दे. तुम्ही स्वतः न्हाता, भाजी आणता, जिना चढता, हे त्याला डोळ्यांनी बघू दे. नुसतं सांगून त्याचा जीव थाऱ्यावर येणार नाही.

जाताना स्वारगेटहून एसटीनेच जा, मुलगा शेजारच्या सीटवर. आधार कार्ड जवळ ठेवा. सध्या तुम्हाला अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी झाली की तेही लागणार नाही.